तीन सुरांची चिप

शुक्रवारची नमाज पढून यूनुस खोलीवर आला, की जगदीश दोन्ही टीव्ही चालू करायचा. एकाला त्याचा कमोडोर जोडलेला, दुसऱ्याला यूनुसचा अरबी अक्षरांचा सखर. दोन्ही ऐंशीच्या दशकातले घरगुती कम्प्युटर, हुफूफच्या जुन्या बाजारातून उचललेले. २००६ साली सौदीतल्या धाहरानच्या त्या बॅचलर कॅम्पात असल्या खोक्यांवर जीव टाकणारे हे दोघेच. जगदीश चिपळूणचा इलेक्ट्रिशियन, यूनुस दापोलीचा, स्टोअरवर सुपरवायझर. विमानांचा एकच खेळ दोन्हींवर लावायचा आणि भांडायचं.

"माझं चित्र बघ, कसं रेखीव! तुझं विमान म्हणजे चिखलाचा गोळा," यूनुस म्हणायचा.

"तुझं आभाळ धक्के खात सरकतं, ते बघ आधी. आणि आवाज? नुसती पिपाणी!"

आवाजापुढे यूनुसचं काही चालत नसे. कमोडोरच्या एवढ्याशा चिपमधून तीन सूर एकदम उठायचे, आणि खर्ज असा घुमायचा की शेजारचे केरळी दारात येऊन उभे राहायचे.

जगदीश सुट्टीवर गेला तो कमोडोर यूनुसच्या हवाली करून. परतल्यावर त्याने हौसेने खेळ लावला. विमान उडालं, गोळ्या सुटल्या, पण आवाज नाही. वायर बदलली, टीव्ही बदलला. शेवटी झाकण उघडलं. आवाजाच्या चिपची जागा रिकामी होती.

यूनुस पलंगावर मान खाली घालून बसला होता.

"आमच्या इंग्रज मॅनेजरला दिली," तो म्हणाला. "त्याला संगीताचा नाद आहे, ही चिप कुठे मिळत नव्हती. फॅमिली क्वार्टरला त्याची शिफारस लागते. सफूरा लग्नापासून तिकडे दापोलीत एकटी आहे रे."

"मला विचारायचंस."

"फोन लावला होता, पण लागायच्या आधीच ठेवला. तू नाही म्हणाला असतास तर?"

आपण काय म्हणालो असतो, हे जगदीशचं त्यालाच कळेना. आता ते कधी कळणारही नव्हतं.

"न मोडता चिप कशी उपसायची, ते मीच शिकवलं तुला," तो एवढंच बोलला.

"माझा सखर ठेव."

"नको."

क्वार्टर मिळालं, सफूरा आली. तिने आग्रहाने जेवायला बोलावलं, तिचा काय दोष म्हणून जगदीश गेला. सुरमई वाढता वाढता ती म्हणाली, "भाऊ, तुमचे उपकार कसे विसरू? यांनी सांगितलं मला. यांनी मागायच्या आधी तुम्ही आपण होऊन ती वस्तू काढून दिलीत म्हणे."

जगदीशने यूनुसकडे पाहिलं. यूनुस माशाचे काटे काढण्यात गढला होता.

एक शब्द बोलला असता तर त्या बाईचा चेहरा उतरला असता. जगदीशने ताटातलं संपवलं, हात धुतले आणि "सुखाने राहा, वहिनी" म्हणून निघाला. जिन्यापर्यंत यूनुस मागे आला, "जगदीश, ऐक ना," म्हणत. जगदीश थांबला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने जुबैलच्या साइटवर बदली मागून घेतली.