तीन बोटं चिंधी

डाव्या तर्जनीवरची चिंधी — रक्त वाळून तपकिरी पडलेली, एक टोक सुटून लोंबणारं — याकीमला दिसली तेव्हा तो कमरपट्ट्याचे वेढे सोडत होता, आणि हात तिथेच थांबले. ही आत होती? मंदिरात, धुपाच्या वेदीपुढे, गाभाऱ्याच्या पडद्याच्या इतक्या जवळ, ही माझ्या अंगावर होती?

होतीच की. हातपाय धुऊन झाल्यावर पात्राच्या झाकणाची कड लागली, रक्त आलं, आणि जुन्या इजारी फाडून वाती करायला ठेवल्या होत्या त्यातली एक चिंधी त्याने घाईघाईत गुंडाळली... मग आतून हाक आली आणि तो विसरला. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्या दिवशी माणूस स्वतःचं बोटसुद्धा विसरतो! याजकाने सेवेला घालायचे कपडे मोजून: अंगरखा, इजार, कमरपट्टा, पागोटं. चार. एक कमी असला तर सेवा परक्याने केल्यासारखी, म्हणजे बाद, आणि एक जास्त झाला तरी तसंच. वडील सेवेच्या दर पाळीला गावाहून येत, धूप कोणी घालायचा ते ठरवणाऱ्या चिठ्ठीच्या गोलात उभे राहत, मोजायला बोटं पुढे करत, आणि मोजणी दुसऱ्यावरच थांबे; ते तसेच गेले. सकाळी धूर वर चढताना याकीम मनात म्हणाला होता, बाबा, घ्या, झालं एकदाचं — आणि ते सगळं एका चिंधीपायी फुकट?

कपड्यांच्या खोलीत म्हातारा एल्यादा बाकावर बसून अंगरखे उलटेपालटे करत फाटकं शोधत होता. उभा जन्म त्याचा यातच गेला होता.

"काका, एक विचारायचंय."

"विचार की. तोंड असं का केलंयस? आत साप बघितलास?"

याकीमने बोट पुढे केलं. म्हाताऱ्याचं हसू मावळलं.

"उजवा की डावा?"

"डावा. धूप उजव्यानेच घातला."

"बाहीखाली गेली होती का? नीट आठव. कपड्याच्या आत साधा दोरा शिरला तरी बोंब."

याकीमने डोळे मिटले. बाही मनगटावर, गाठ बोटाच्या टोकाला... लोंबणारं टोक? तेव्हा ते लोंबत नव्हतं, आत्ता सुटलंय, कमरपट्टा सोडताना — हो, आत्ताच. "नाही गेली."

"सोड ती."

एल्यादाने चिंधी गुडघ्यावर पसरली आणि तिच्या रुंदीवर आपली तीन बोटं टेकवली. याकीमचा जीव त्या बोटांत अडकला. तिसरं बोट निम्मं बाहेर राहिलं.

"तीन बोटं लांब, तीन बोटं रुंद असती तर तिला पाचवा कपडा म्हणावं लागलं असतं. हा कसला कपडा, ही चिंधी! तुझी सेवा रुजू झाली, गाढवा. जा घरी. आणि पुढच्या वेळी—" म्हातारा थांबला, मग हसत सुटला. "तुला कसली पुढची वेळ!"

याकीमही हसला. जीव भांड्यात पडला. बाबा, रुजू झाली बरं का. दगडी फरशी तळव्यांना गार लागत होती आणि तेही त्याला फार छान वाटलं.

पुढची वेळ नाही. ज्याने एकदा धूप घातला तो पुन्हा त्या चिठ्ठीत उभा राहत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तरी म्हाताऱ्याची बोटं टेकत असताना, भीतीच्याही खाली, कुठेतरी अगदी तळाशी, त्याला वाटून गेलं होतं — भरू दे तीन बोटं, होऊ दे सेवा बाद. मग मी पुन्हा नव्यांत... छे! याकीमला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग लाजही टिकली नाही. पुढच्या पाळीला पहाटे 'नवे असतील ते पुढे या' अशी आरोळी होईल, बोटं पुढे होतील, आणि आपण मागे, भिंतीशी, छातीत काहीही न धडधडता उभे असू. असं उभं राहणं कसं असतं ते त्याला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कशाचीच वाट पाहायची नव्हती, आणि हे सुख आहे की काय, हे त्याला अजून कळत नव्हतं.