मेनने पाव सेकंद थांबावं

कवडूच्या पत्राला मधुकररावांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. कवडू धंतोलीतल्या एका दवाखान्याचा इलेक्ट्रिशियन. त्याने लिहिलं होतं, ‘साहेब, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. किचनमध्ये शॉर्ट झाला की मेन ब्रेकर पडते, अन् लहान लेकरांचा वॉर्डही अंधारात जाते. सेटिंग तुमच्या तक्त्यावरचंच आहे. पण डॉक्टरसाहेब मलेच धरून राहिले. महिनाअखेर काढतो म्हणतात. माही चुकी काहून?’

महिना संपायला आठ दिवस उरले, तेव्हा कुठे मधुकररावांनी किती करंटला कुठला ब्रेकर किती वेळात पडतो, याचे जुने आलेख काढले. निवृत्तीनंतर त्यांनीच त्या दवाखान्याचे ब्रेकर लावून दिले होते. किचनच्या ब्रेकरचा कागद आणि मेनचा कागद त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. बिघाड जिथे, तिथलाच ब्रेकर आधी पडावा; मेनने पाव सेकंद वाट पाहावी, म्हणून दोन रेघांमध्ये अंतर हवं. इथे जास्त करंटच्या टोकाला त्या एकमेकींत घुसल्या होत्या.

त्यांना सगळं आठवलं. पहिल्या तक्त्यात पाव सेकंद होता. डॉक्टर म्हणाले होते, “शॉर्ट झाल्यावर थांबायचं कशाला? झटक्यात पडू द्या!” आणि मधुकररावांनी मान हलवून तिथे शून्य लिहिलं होतं.

“चूक माझीच,” ते पुटपुटले.

“मग फोन करून सांगा डॉक्टरांना,” मेथी निवडता निवडता सिंधूताई म्हणाल्या.

“फोनवर मी पुन्हा ‘हो, हो’च करीन.”

“अगंबाई! मला तर चाळीस वर्षांत एकदा हो म्हणाला नाहीत.”

डॉक्टरांच्या पत्राचे तीन खर्डे झाले. पहिल्या दोनांतले ‘बहुधा’ आणि ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ सिंधूताईंनी खोडले. तिसरा असा उतरला: ‘शून्य मी लिहिलं. तेव्हाच तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं. कवडूचा काही दोष नाही. मेनला पाव सेकंद द्या. तुमचं पॅनल तेवढं सोसतं, आकडेमोड सोबत आहे. सेटिंग बदलताना मी स्वतः हजर राहीन.’ कवडूला वेगळं पत्र लिहिलं, चूक तुझी नव्हती म्हणून.

पोस्टातली मुलगी पाकिटं पाहून म्हणाली, “काका, पत्ता तर एकच आहे. एकातच टाका ना, पैसे वाचतील.”

मधुकररावांची मान सवयीने हलू लागली. ती त्यांनी आवरली.

“नाही,” ते म्हणाले. “दोन्ही वेगवेगळीच जाऊ द्या.”

तिने दोन्हींवर शिक्का मारला.