तेवीस नंबरचं दाट जंगल

वनखात्यात सगळे त्यांना शून्यभाऊ म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने कमावलं होतं.

झालं असं, की खात्याने जैवविविधता वाचवायची ठरवली. वाचवायची तर आधी मोजायला हवी, आणि मोजायची तर तक्ता हवा. म्हणून वरून तक्ता आला. चौदा रकाने. झाडाची जात, झाडाचा घेर, झाडाची उंची, झाडाची सावली किती टक्के, झाडावर घरटी किती. भाऊ वनरक्षक, आणि त्यांच्या ताब्यात कक्ष क्रमांक तेवीस. तेवीस नंबर म्हणजे नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. कुठे कमरेइतकं, कुठे छातीइतकं. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. भाऊ गुडघ्यांना तेल चोळून तीन दिवस चालले आणि चौदाही रकान्यांत शून्य भरून आले. अक्षर चांगलं असल्यामुळे शून्यंही गोल गरगरीत आली.

शेवटी शेऱ्यासाठी अर्ध्या इंचाची जागा होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'गवत आहे, सतरा जातींचं. उड्या आहेत, अकरा नर.' टायपिस्टने ते गाळलं. मावत नव्हतं.

तीन महिन्यांनी हुकूम आला. 'सदर क्षेत्र संपूर्ण उजाड असून जैवविविधता शून्य आहे. सबब पन्नास हजार रोपे लावून ती तातडीने निर्माण करावी.'

आता उड्या म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण खात्याने ते शेवटपर्यंत विचारलं नाही. तो एक पक्षी. लांब पाय, तांबूस पिसं, वजन कोंबडीपेक्षा कमी. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, भाऊंनी आपलं उड्या ठेवलं होतं. विणीच्या दिवसांत नर गवतातून सरळ वर उडी मारतो, क्षणभर माद्यांना दिसतो आणि परत खाली बुडतो. दिवसाला चारशे-पाचशे वेळा. खात्यात इतक्या तळमळीने काम करणारं दुसरं कोणी भाऊंच्या पाहण्यात नव्हतं. अंडी उघड्या जमिनीवर, गवताच्या बुडाशी. जवळपास झाड आलं की झाडावर कावळा आला, कावळ्याला वरून अंडी दिसली, आणि कारभार आटोपला. म्हणून जिथे झाड उभं राहतं तिथून उड्या उठतो, तो कायमचा. आजूबाजूची सगळी माळरानं खात्याने याच पद्धतीने हिरवी केली होती. तेवीस नंबर उरलं होतं, आणि त्यात अकरा नर.

पाहणीला साहेब आले. बरोबर सल्लागार. सल्लागारांच्या जाकिटाला बारा खिसे होते आणि बाराही रिकामे.

"इथे काय आहे सध्या?" सल्लागारांनी विचारलं.

"गवत," भाऊ म्हणाले.

"म्हणजे काहीच नाही."

"तसं नाही साहेब. सतरा जातींचं..."

"अहो, गवत हे कशाच्या तरी खाली असतं," सल्लागार समजुतीने म्हणाले. "वर काय आहे?"

भाऊंनी वर पाहिलं. "वर आभाळ आहे."

"मस्करी नको," साहेब म्हणाले. तेवढ्यात वीस पावलांवर एक उड्या टुणकन वर आला आणि गेला. साहेब दचकले. "काय होतं ते?"

"जैवविविधता, साहेब."

"तक्त्यात नाही ती," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

भाऊंनी अर्ज केला. सतरा गवतांचे नमुने कागदावर चिकटवून सोबत जोडले. दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'गवत ही वनस्पती असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. तसेच यापुढे अर्जासोबत कचरा पाठवू नये.'

खड्डे मारायचा महिना ठरला, आणि तो नेमका विणीचा निघाला. खड्डे मारून घ्यायची जबाबदारी कोणाची? वनरक्षकाची.

भाऊंचं जेवण तुटलं. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या लोकांच्या कमरा तिच्या वहीत होत्या. ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "अहो, तुम्ही शून्य लिहिलंत तेव्हा कोणी बघायला आलं होतं का, खरंच शून्य आहे का ते?"

"नाही."

"मग पन्नास हजार लिहिलंत तर कोण येणार आहे?"

"खोटं लिहू? सत्तावीस वर्षांत..."

"खरं लिहून काय झालं ते बघितलं ना? तो दोरा तोडा जरा."

भाऊंनी दातांनी दोरा तोडला आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी रोपवाटिकेत गेले. रोपवाटिकेचा माळी म्हणजे खात्यातला जुना मुरलेला माणूस. भाऊ घसा खाकरत म्हणाले, "मला रोपं जरा कमी लागतील."

माळ्याचा चेहरा एकदम उजळला. "किती कमी?"

"चारशे. रस्त्याच्या कडेने एक रांग."

माळ्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुम्ही देवासारखे आलात. अहो, माझ्याकडे आहेतच चारशे! बाकीची एकोणपन्नास हजार सहाशे मी दोन वर्षांपूर्वीच वाढवलीत."

"कुठे?"

"रजिस्टरात. तुम्ही खरंच मागितली असतीत तर मला पळून जावं लागलं असतं."

भाऊंना हलकंही वाटलं आणि वाईटही वाटलं. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला निघालेल्या माणसाला ते आधीच कोणीतरी बोलून ठेवलेलं मिळावं, यात थोडा अपमान आहेच.

रस्त्याकडेने चारशे रोपांची रांग लागली. उड्या तिथवर फिरकत नव्हता. आत कुदळीचा एक घाव पडला नाही. अहवाल भरताना भाऊंनी जगलेल्या रोपांच्या रकान्यात शंभर टक्के लिहिलं, तर हेडक्लार्कने कपाळाला हात लावला.

"नवीन आहात का हो? शंभर लिहिलं की चौकशी लागते. ऐंशी लिहिलं की खुलासा मागतात. ब्याण्णव लिहा. ब्याण्णववर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही."

म्हणजे शेहेचाळीस हजार झाडं. भाऊंनी लिहिली. पहिल्या वर्षी पेन दोनदा खाली ठेवलं, दुसऱ्या वर्षी नुसता घाम आला, तिसऱ्या वर्षी त्यांनी झाडांची सरासरी उंचीही दीड फुटाने वाढवून दिली. सल्लागारांनी उपग्रहावरून फोटो मागवला. पावसाच्या दिवसांतला फोटो. सगळं तेवीस नंबर हिरवंगार. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की झाडं इतकी दाट आहेत की मधली जमीनच दिसत नाही. उत्कृष्ट वनाचं मानचिन्ह मिळालं. साहेबांनी रस्त्याकडेच्या रांगेसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. आत जाऊ का, असं विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "दाट आहे साहेब, काटे आहेत." साहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि बेत रद्द केला.

त्या वर्षी उड्याचे नर सोळा झाले. भाऊ पहाटे मोजायचे आणि कोणालाही सांगायचे नाहीत. जेवण पूर्ववत झालं, बायकोने त्यांच्या पॅंटी कमरेत सैल करून दिल्या. सुख म्हणतात ते एवढंच असतं, आणि ते टपालाने जातं.

टपाल आलं ते कक्ष क्रमांक चारबद्दल.

चार नंबर म्हणजे खरं रान. तीन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं. भाऊंची पहिली नेमणूक तिथली. लग्नानंतरची आठ वर्षं नवराबायकोने तिथल्या चौकीत काढली होती. पत्रात लिहिलं होतं, 'जनतेत जैवविविधतेची आवड निर्माण व्हावी म्हणून कक्ष चारमध्ये भव्य जैवविविधता भवन व वाहनतळ उभारण्यात येत आहे. त्यासाठी तेथील वृक्ष काढण्यास हरकत नाही, कारण भरपाईदाखल कक्ष तेवीसमध्ये त्याहून दाट वन आगाऊ तयार आहे.'

भाऊंनी ते दोनदा वाचलं. मग टोपी घातली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तेवीस नंबरमध्ये झाडं नाहीत."

साहेब चहा पीत होते. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मीच लिहिली होती ती."

"भाऊ, बसा. उन्हातून आलात. झाडं आहेत. त्याखाली माझी सही आहे."

"सही आहे साहेब, झाडं नाहीत. चला दाखवतो."

"उपग्रह वरून बघतो. तुम्ही खालून बघता. जास्त कोणाला दिसणार?"

"चार नंबरला हात लावू नका साहेब. हवं तर माझी नोकरी घ्या."

साहेबांनी कप खाली ठेवला. आवाजातला गोडवा तेवढा काढून घेतला. "आता नीट ऐका. झाडं असतील तर चार नंबर तुटणार. आणि नसतील, तर तुम्ही म्हणता तर नसतीलही, तर उद्या सकाळी मशीन लावून तेवीसमध्ये पन्नास हजार खड्डे मारतो, भरपाई पूर्ण करतो आणि चार नंबर तोडतोच. बोला, आहेत की नाहीत?"

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "आहेत," ते म्हणाले.

"वा. जाताना दार लावा."

संध्याकाळी भाऊ घरी शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसून राहिले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने मशीन थांबवलं, जे ती सहसा करत नसे.

"चौकीसमोरचं मोठं झाडसुद्धा?"

"तिथेच वाहनतळ आहे."

तिने हातातली सुई कापडात खोचून ठेवली. भाऊंची नजर खाली होती, आणि खाली मशीनच्या आखूड पायाखाली एक जाडजूड पुस्तक होतं. खात्याची नियमावली. नोकरीला लागताना प्रत्येकाला मिळायची, आणि प्रत्येकाच्या घरी कुठला ना कुठला पाय आखूड असायचाच. मशीन बसायच्या आधी भाऊंनी ती वाचली होती. असं करणारे खात्यात ते एकटेच.

"मशीन जरा उचल."

"आत्ता? दोन पॅंटी उद्या द्यायच्यात."

"उचल गं."

मशीन तिरकं झालं. भाऊ पानं उलटत गेले आणि एका कलमावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "वृक्षचोरीचा गुन्हा नोंदल्यास तपास पूर्ण होईपर्यंत सदर क्षेत्रात कोणीही खोदकाम, लागवड अथवा तोड करू नये. तसेच सदर क्षेत्राच्या आधारे दिलेल्या सर्व मंजुऱ्या स्थगित राहतील."

"पण चोरी कुठे झालीय?"

"झाडं होती. साहेबांची सही आहे, उपग्रहाचा फोटो आहे, मानचिन्ह आहे. आज ती जागेवर नाहीत." भाऊंनी पुस्तक मिटलं. "मग गेली कुठे?"

बायकोने विचारलं, "आणि राखणीला कोण होतं?"

"मी."

"म्हणजे पहिला संशय..."

"माझ्यावरच. दुसरं कोण आहे तिथे?"

"पेन्शन?"

"अडकेल."

तिने मशीनखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला आणि पायडलवर पाय ठेवला. "अक्षर नीट काढा," ती म्हणाली. "तक्रारीत खाडाखोड नको."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी शेहेचाळीस हजार झाडांच्या चोरीची तक्रार दाखल केली. नियमाप्रमाणे एक प्रत परस्पर दक्षता पथकाला गेली, त्यामुळे साहेबांना ती गिळता आली नाही. साहेब फार पेचात पडले. चोरी झाली नाही म्हणावं, तर झाडं दाखवावी लागणार. झाडं नव्हतीच म्हणावं, तर तीन सह्या आणि एक मानचिन्ह. शेवटी त्यांनी तीव्र दुःख व्यक्त केलं आणि भाऊंना निलंबित केलं.

तपास अधिकारी आले. कडक इस्त्रीचे, हातात वही.

"शेहेचाळीस हजार झाडं," गवताकडे बघत ते म्हणाले. "खुंट कुठे आहेत?"

"नेली साहेब. मुळासकट."

"मग खड्डे?"

"बुजवले."

"आणि हे गवत?"

"जाताना लावून गेले असतील. सराईत टोळी दिसते."

तपास अधिकाऱ्यांनी वही खिशात घातली. मग फाईल उघडून सह्या पाहिल्या. मानचिन्हाचा फोटो पाहिला. फोटोत साहेबांच्या शेजारी दक्षता पथकाचे प्रमुखही हसत उभे होते. अधिकाऱ्यांनी फाईल हळूच मिटली.

"गुंतागुंतीचं प्रकरण आहे," ते म्हणाले. "घाई करून चालणार नाही."

तेवीस नंबरच्या चारी बाजूंनी फीत लागली. आत प्रवेश बंद. चार नंबरला आलेली यंत्रं परत गेली. आता तिसरी मुदतवाढ चालू आहे, आणि सल्लागारांना चोरीच्या पद्धतीचा अभ्यास करायला नेमलं आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

संशयिताने रोज सकाळी घटनास्थळी हजेरी द्यावी, अशी निलंबनाची अट आहे. भाऊ ती कसोशीने पाळतात. फितीबाहेर दगडावर बसतात, गुडघे चोळतात आणि मोजतात. यंदा नर एकोणीस झाले.

घरी परतलं, की बायको कुरकुरते. मशीन अजून त्या ठोकळ्यावर डुगडुगतं.

"शेहेचाळीस हजार झाडं चोरलीत," ती म्हणते, "पण या पायाखाली घालायला धड एक फळकूट म्हणून आणलं नाहीत."