काही कमी नाही

थोरल्या काकूचा नियम साधा होता: पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही. डब्यात पीठ नसलं तरी दारात ढेकर देत उभं राहायचं.

म्हणूनच शिष्यवृत्तीवाल्या बाई घर बघायला येणार म्हटल्यावर काकूने कंबर कसली. शेजारणीचा सोफा आणवला, फ्रीज आणवला, वर तिच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर अंगणात मिरवायला उभा केला. पुतणी मळ्यातून शेंगा तोडून आली आणि अंगण बघून मटकन खालीच बसली.

"काकू, हे काय करून ठेवलंस? शिष्यवृत्ती गरजू मुलांना देतात! ट्रॅक्टर बघून कोण देईल?"

"मग काय कटोरा घेऊन बसू? मार्क तू मिळवलेस ना?"

"मिळवले. पण ही नाही मिळाली तर कॉलेज विसरायचं. मी आणि शेंगा, जन्मभर."

काकूने ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग फ्रीजकडे. आता फ्रीज काय डोक्यावर घेऊन पळायचं? तेवढ्यात दारात गाडी वाजलीच.

बाई सोफ्यावर टेकल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "घरी कशी परिस्थिती आहे?"

"काही कमी नाही!" काकूच्या तोंडून सवयीने सुटलं. पुतणीने असा चिमटा काढला, की काकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उकडतंय फार. गार पाणी मिळेल का?"

काकूने ऐटीत फ्रीज उघडला. आत अंधार. वायर भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती. आणि नेमकी शेजारीण हाका मारत आत आली.

"थोरले, माझं विरजण राहिलं बघ तुझ्या... म्हणजे माझ्याच फ्रीजमध्ये! आणि ट्रॅक्टर कधी सोडतेस? आमचे हे घरी नाचताहेत नुसते."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मावशी, आता खरं सांगा."

काकूने फ्रीजचं दार लावून टाकलं. पुतणी नखांत अडकलेला हिरवा रंग खरवडत उभी होती.

"बसलात तो सोफासुद्धा हिचाच," काकू शेजारणीकडे बोट दाखवत म्हणाली. "मळा दुसऱ्याचा, आम्ही वाट्याने करतो. पोरगी तेवढी वाट्याची नाही, अख्खी आमची. कमी आहे, बाई. बरंच कमी आहे. पण लिहिताना 'कमी' एवढंच लिहा. 'बिचारी' लिहिलंत तर तो कागद चुलीत घालीन."

बाई लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढे 'काकू जरा जास्त' असं लिहू का?"

पुतणी फसकन हसली.

"लिहा. खोटं कुठे आहे? पण पोरीचं काय ते बोला."

"नाव आजच वर पाठवते. माझ्या शिफारशीसकट."

काकूने शेजारणीकडे वळून हुकूम सोडला, "उभी काय राहिलीस? सोफ्याचं एक टोक धर. बाईंना आमच्या चटईवर बसू दे."