डब्याला हात लावायचा नाही

आमच्या दार्जिलिंगात धारेवर, म्हणजे डोंगरातल्या झऱ्यावर, रांग माणसांची नसते, डब्यांची असते. पहाटे डबा ठेवायचा आणि घरी जाऊन चुलीला लागायचं. डबा म्हणजेच माणूस. सात जन्माचं वैर असो, दुसऱ्याच्या डब्याला कुणी हात लावत नाही.

हॉटेलवाल्या मोक्तानचा टँकर मात्र नंबरच लावायचा नाही. सरळ धारेखालच्या कुंडात पाइप सोडायचा आणि हॉटेलासाठी उपसून न्यायचा. गेल्या आषाढात पावसानं आमची वाट वाहून नेली, यंदा अर्धा आषाढ सरला तरी थेंब नाही. धारा करंगळीएवढी झाली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. घरी सून पाच दिवसांची बाळंतीण, आणि बाळाचं अंग पुसायला मी वाटीनं पाणी देत होते. जीव जळत होता नुसता.

मोक्तानला सांगायला गेले तर म्हणाला, पाऊस येईलच, मग प्या हवं तेवढं. नगरपालिकेतला बाबू म्हणाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हटलं, बरं. सरळ बोटानं तूप निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बायकांनी रांगच फिरवली. कुंडापासून वर, टँकरची वाट अडवून, बेचाळीस डबे. पहिला माझा.

टँकर आला नि थांबला. मोक्तान शेजारीच बसलेला. त्यानं ड्रायव्हर निमाला डबे बाजूला करायला फर्मावलं. निमा आमच्याच वस्तीतला. खाली उतरला, रांग बघितली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"तो निळा डबा माझ्या आईचा आहे, साहेब. आईला कसं हलवू?"

मग मोक्तान स्वतः माझ्या डब्याकडे वाकला.

"लाव हात," मी म्हटलं. "तुझ्या आईचा डबा वीस वर्षं माझ्या डब्यामागे उभा असायचा. तिनं कधी कुणाचा हलवला नाही. तू हलव."

त्याचा हात तसाच राहिला. तेवढ्यात आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला. मेल्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "आला ना पाऊस? जा आता घरी."

कुणी हललं नाही. पाऊस पाहुणा आहे, मनात येईल तेव्हा येतो नि जातो. धारा घरची आहे. आम्ही चिंब भिजत तिथेच उभ्या.

निमानं टँकरवरची बादली काढली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. मोक्तानच्या अंगावरचा कोट निथळत होता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "बोजू, किती वेळ लागेल?"

बोजू म्हणजे आजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

"त्रेचाळिसावा नंबर आहे तुझा," मी म्हटलं. "संध्याकाळ होईल. बस."

मी माझा डबा भरला आणि बाळाला न्हाऊ घालायला घरी गेले.