पत्रूच्या मजकुराचं कुलूप

माह्या नेट कॅफेत शिस्त म्हणजे शिस्त. पान खाऊन थुंकाल तर कानाखाली बसन, हे मी दारावरच लिहून ठेवलं होतं. तरीबी चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी गर्दी असेच. त्या गर्दीत एटापल्लीकडच्या महिला मंडळाची अन्नपूर्णा आली. सोबत सुकरी.

सुकरीचा नवरा पत्रू रेतीच्या ट्रॅक्टरखाली आला होता. ठेकेदाराचा मुनशी अमर सांगत फिरे, पिऊन पडला म्हणून. पत्रूच्या गावानं तर दारू सोडायची शपथ घेतलेली. मरायच्या आधी दवाखान्यात पत्रूनं अन्नपूर्णेले सगळं सांगतलं, तिनं शब्दन् शब्द टाईप केला. साधा कागद ठेकेदाराच्या माणसांनी जाळलाच असता, म्हणून तिनं मजकुराले पासवर्डचं कुलूप लावलं, चावीशिवाय नुसती गिचमिड अक्षरं दिसत. पत्रू म्हणाला, पासवर्ड सुकरीच टाकन, अन् आधी तीच वाचन. तिनं टाकला, पण तवा वाचायचं भान कोणाले होतं? आता दुपारच्या आत वकिलाले छापील मजकूर पाहिजे होता, नाई तर पत्रू बेवडा म्हणूनच राहणार.

"पण ताई," मी म्हटलं, "पासवर्ड टाकला का सगळं दूर कुठल्या मशीनवर जाते ना? तिथं कोणी वाचलं तर?"

अन्नपूर्णेनं कुलूप उघडायचं पान लावलं अन् सरळ नेटची वायर उपटली. "आता कुठी जाईन? हे पान इथीच, याच डब्यात कुलूप उघडते." काय बाई ही! मी पाहतच राह्यली.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवर अमर येऊन बसला. त्या गिचमिड मजकुराची नक्कल त्यानं कुठून तरी मिळवली होती. चावी तेवढी त्याच्याजवळ नव्हती.

सुकरी साक्षरता वर्गात शिकलेली. तिथं अक्षर लिहा तर मोठ्यानं बोलून लिहा, अशी सवय. माह्या कीबोर्डवर मराठी अक्षरं चिकटवलेली होती, ते शोधत ती लागली बोलायले, "क… म… ळ…"

"अवं माय, हळू! तो कान टवकारून बसला आहे!"

ऐकन तर शपथ! पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्यानं. तिकडं अमर खटाखट टाईप करून राह्यला. मी कपाळावर हात मारला. एवढी मेहनत पाण्यात, अन् तेबी स्वतःच्या तोंडानं. मले रडूच आलं.

अमरनं कीबोर्ड आपटला. "बाई, तुमचं मशीन खराब आहे!"

"मशीन नाई, तुमची नियत खराब आहे. उठा!"

इकडं सुकरीच्या मशीनवर मजकूर उघडला होता.

"तू तर कमळ म्हणत होती वं?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"तोंड त्याच्यासाठी बोलत होतं. बोटं माह्यासाठी." सुकरी हसलीबी नाई.

अशी बाई! तिच्या पाया पडावं वाटलं मले. शिकलेल्या लोकाईले मी रोज पासवर्ड भिंतीवर चिकटवून ठेवताना पाहते.

मग ती पडद्यावर बोट ठेवून पत्रूचे शब्द वाचू लागली: ट्रॅक्टर अमर चालवून राह्यला होता. मी हात दाखवला, थांबला नाई. सुकरीची शपथ, मी पेलो नव्हतो.

तिथं ती थांबली. अमर दारात उभा होता, त्यालेबी जाता येईना.

"बाई," ती मले म्हणाली, "दोन कागद काढा. एक वकिलाले. एक माह्या सासूले."

"सासूले काऊन?"

"आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करते. म्हातारी करू देत नाई. शपथ मोडणाऱ्याले दगड कायचा, म्हणते. अन् बाई, मीबी तिले कधी टोकलं नाई. मलेबी तसंच वाटलं होतं."