वळायला जागा नाही

पुंजाने अर्ज केला होता मळणी यंत्रासाठी. दिवाळीनंतर खळ्यावर काठीने नागली, म्हणजे नाचणी, झोडायचं काम त्याची बायको कमू करायची, आणि दोन वर्षं झाली, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. म्हणून पुंजा सूर्यमाळहून एसटीने जव्हारला गेला आणि एका ऑनलाइन सेंटरवर आधार, सातबारा देऊन आला. सोडतीत नाव लागलं तर निम्मी किंमत सरकार देणार होतं.

चार महिन्यांनी मोबाइलवर मेसेज आला. अक्षरं बारीक होती, म्हणून पुंजाने तो हेमंत सरांपुढे धरला. सर मोखाड्याचे, शेतकऱ्याच्याच घरातले, नऊ वर्षं पाड्यावरच्या शाळेत. त्यांनी तो दोनदा वाचला.

“पुंजाकाका, तुमचं नाव लागलंय.”

“मशीन लागली?”

“ट्रॅक्टर लागलाय.”

सेंटरवाल्याने फॉर्म भरताना भलत्याच ओळीवर खूण केली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्याला कळलं. पुंजाची जमीन दीड एकर, तीही उतारावर, पायऱ्यापायऱ्यांची. एका तुकड्यातून दुसऱ्यात बैलसुद्धा जपून उतरवावे लागत. लोक मुद्दाम बांधावर येऊन ट्रॅक्टर कुठून वळेल ते बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, “वरच्या तुकड्यात चढवू आणि तिथंच ठेवू. पाहुणे आले का दाखवू.” पुंजाही पोट धरून हसला.

शेजारचा गोकुळ तेवढा हसला नाही. ठाण्याला बांधकामावर राहून आल्यामुळे त्याला अशा गोष्टी ठाऊक होत्या. रात्रीच्या जेवणाआधी तो पुंजाच्या ओट्यावर आला. हेमंत सरही तिथेच बसले होते.

“जव्हारला माझ्या ओळखीचा एक आहे,” गोकुळ म्हणाला. “पैसे तो घालील, ट्रॅक्टर तो चालवील. नाव तेवढं तुझं. तुला घरबसल्या वीस हजार.”

“हेच होतं बघा,” सर म्हणाले. “म्हणून म्हणतो, सरकारने ही अनुदानं बंदच करावीत. ज्याला गरज असते त्याला मिळत नाही, आणि मिळतं ते दुसराच कोणी वापरतो.”

कमू आत भाकरी थापत होती. तिने तिथूनच विचारलं, “सर, तुम्ही शिकलात कुठं?”

“जव्हारला. सरकारी वसतिगृहात राहून.”

“जेवायला पैसे पडायचे?”

“नाही.”

“तुमच्या बरोबरची काही पोरं पळाली असतील ना?”

“पळाली की. बरीच पळाली.”

“मग त्यांच्यापायी वसतिगृह बंद केलं का?”

“ते वेगळं आहे, कमूताई,” सर म्हणाले.

“कसं वेगळं?” कमूने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांनी डोकं खाजवलं. “उद्या सांगतो,” ते म्हणाले, आणि गोकुळलासुद्धा हसू आलं.

वीस हजारांचा विचार पुंजाने दोन दिवस केला, खोटं कशाला सांगा. तिसऱ्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला. “दुसऱ्याचा ट्रॅक्टर माझ्या नावाने फिरल आणि तू हिथं काठीच उचलशील,” तो कमूला म्हणाला. “मला ते पटत नाय.”

मोखाड्याला कृषी कार्यालयात रंजना मॅडम होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“काका, हा रद्द केला की यादीतल्या पुढच्याला जाईल. पण तुमचं मशीन लागेलच असं मी सांगू शकत नाही.”

“चालंल.”

“का नको, ते अर्जात लिहावं लागेल.”

“लिहा, वळायला जागा नाय.”

मॅडमनी तसंच लिहिलं. मग तो कागद शेजारच्या टेबलावर दाखवून आणला आणि पुंजासाठी चहा मागवला.

नवा अर्ज हेमंत सरांनी स्वतः भरला, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. त्या वर्षी नाव लागलं नाही. दिवाळीनंतर पुंजाने कमूला काठीला हात लावू दिला नाही. सगळी नागली त्याने एकट्याने झोडली आणि आठवडाभर कण्हत राहिला. पुढच्या वर्षी मात्र मेसेज आला. सरांनी तो तीनदा वाचला, तेव्हा कुठे पुंजाचा विश्वास बसला.

यंत्र रस्त्यापर्यंत टेम्पोने आलं. तिथून गोकुळ, पुंजा आणि आणखी दोघांनी ते बांबूला बांधून खांद्यावरून वर आणलं. रविवारी सर मुद्दाम बघायला आले. यंत्र सुरू झालं, भुसा उडाला, आणि तांबूस दाणे धो धो पडू लागले.

“माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही,” सर यंत्राच्या आवाजावर ओरडून म्हणाले. “देताना नीट बघून दिलं पाहिजे.”

“बरोबर हाय,” कमू म्हणाली. “पण ते पोतं जरा धरा.”

सरांनी पोतं धरलं. दुपारपर्यंत त्यांच्या भुवयासुद्धा भुशाने माखल्या होत्या. शेजारच्या दोन घरांचीही नागली त्याच यंत्रावर निघाली.

एरवी बारा दिवस चालणारं काम दीड दिवसात संपलं. कमूने लुगडी पिशवीत भरली आणि पोशेऱ्याला बहिणीकडे पाच दिवस राहायला गेली. लग्न झाल्यापासून या दिवसांत ती कधी कुठे गेली नव्हती. घरी पुंजा नव्या नागलीच्या भाकरी थापत होता. त्या वेड्यावाकड्या व्हायच्या, पण कढत कढत खाताना त्याला कसलीच तक्रार नव्हती.